इरावतीबाईंची बर्लिनमधली दोन वर्षं

स्मरणिकेसाठी प्रत्येकानं एक लेख द्यायचाच, असा हुकूम आपल्या बॅचच्या ग्रुपवर सुटला, तोवर शाळेच्या आठवणींची वाटणी होऊन गेली होती. स्नेहसंमेलन एकीनं घेतलं, सहल दुसऱ्यानं, आणि मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरांवर तर तिघांनी हक्क सांगितला. माझ्या वाट्याला उरला 'आवडती व्यक्ती'. दहावीला निबंधात हाच विषय यायचा आणि आपण सगळे त्याच चार थोरांवर पाठ केलेला निबंध उतरवायचो. तीस वर्षांनी हा निबंध पुन्हा लिहिते आहे. या वेळी पाठ केलेला नाही.

माझी व्यक्ती आहे इरावती कर्वे. आठवतं का बघा. मराठीच्या बाईंनी एका ऑफ तासाला त्यांचा 'परिपूर्ती' हा लेख वाचून दाखवला होता. सभेत अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी आपली ओळख करून दिली जाते, पण काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग घरी जाताना रस्त्यातली पोरं आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून बाईंना ओळखतात आणि ती ओळख पुरी होते. आपण मुली डोळे पुसत होतो आणि मागच्या बाकांवरून कोणीतरी खोटं हुंदके देत होतं. (तो कोण, हे सगळ्यांना माहीत आहे. नाव लिहीत नाही, कारण आता तो स्मरणिकेचा खजिनदार आहे.)

तेव्हापासून इरावतीबाई माझ्या मनात लेखिका म्हणूनच होत्या. तेविसाव्या वर्षी त्या बर्लिनमध्ये विद्यार्थिनी होत्या आणि माणसांच्या कवट्या मोजत होत्या, हे मला कळलं ते चाळिशीच्या उंबरठ्यावर, कंपनीनं मला तीन आठवड्यांसाठी बर्लिनला पाठवलं तेव्हा.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. इरावडी नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला, हुजूरपागेत पाठवलं. सात वर्षांची मुलगी, मध्ये समुद्र आणि वसतिगृह. तिथे शकुंतला परांजपे या मैत्रिणीमुळे ती रँग्लर परांजप्यांच्या घरात आली आणि त्या घरची दुसरी लेकच झाली. रघुनाथराव परांजपे म्हणजे केंब्रिजचे पहिले भारतीय सीनिअर रँग्लर आणि फर्ग्युसनचे प्राचार्य. पुस्तकं, वादविवाद आणि देव न मानणारं घर. मुलीनं बुद्धीला पटेल तेच धरायचं, ही सवय या घरात लागली असावी.

१९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. मग मुंबईला घुर्ये सरांकडे समाजशास्त्र. एम.ए.चा प्रबंध आपल्याच चित्पावन समाजावर लिहिला. दरम्यान लग्न झालं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत डॉक्टरेट करून आलेले. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे.

इथे मी पहिल्यांदा थबकले. महर्षी कर्वे म्हणजे १८९३ मध्ये विधवेशी लग्न करून गावाचा बहिष्कार सोसलेला माणूस. हिंगण्याचा आश्रम काढणारा, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं करणारा. आणि आपल्या सुनेनं शिकायला जर्मनीला जाऊ नये, असं याच माणसाचं मत पडलं. बाहेर हजारो मुलींसाठी दार उघडणाऱ्यालाही घरातलं दार उघडताना हात जड होतो. मला यात महर्षींना कमी लेखायचं नाही. माझी मुलगी गेल्या वर्षी शिकायला बंगळुरूला निघाली, तेव्हा इथे काय कमी आहे, हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं. बर्लिन नव्हे, बंगळुरू!

दिनकररावांनी वडिलांचं ऐकलं नाही. बायकोच्या शिक्षणाच्या बाजूनं ते ठाम उभे राहिले. पैसे घरात नव्हते. ते जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतले. हे काँग्रेसमधले डॉक्टर पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बोटीनं युरोपला निघाल्या. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, महर्षीही महिला विद्यापीठाच्या कामासाठी युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले.

म्हणजे बघा, एका विद्यार्थिनीच्या पाठीवर काय काय ओझं होतं. सासऱ्यांची नाराजी, नवऱ्यानं पणाला लावलेला शब्द आणि परत करायचं कर्ज. त्यात भाषा परकी. प्रबंध जर्मनमध्ये लिहायचा, तोंडी परीक्षा जर्मनमध्ये द्यायची. पदवी घेतल्याशिवाय परतायची सोय नव्हती.

त्या गेल्या ती संस्था होती मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन या विषयांची कैसर विल्हेल्म संस्था. बर्लिनच्या दालेम भागात १९२७ मध्ये उघडलेली, तेव्हा अगदी नवीकोरी. संचालक होते ऑयगेन फिशर, त्या विषयातलं युरोपातलं मोठं नाव. त्यांची कीर्ती झाली होती ती आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन मिश्र रक्ताच्या कुटुंबांवर केलेल्या अभ्यासामुळे. वंशांमध्ये उच्चनीच असतं आणि त्यांची सरमिसळ होऊ नये, हे त्यांचं मत. तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक.

विषय मिळाला माणसाच्या कवटीची असमानता. आपल्या कोणाचाच चेहरा डावीउजवीकडे अगदी सारखा नसतो. कवटीचंही तसंच असतं, एक बाजू किंचित मोठी, एक किंचित लहान. फिशर यांचा तर्क असा होता, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग जास्त वाढलेला असतो, तिथे बुद्धी आणि विवेक वसतात, त्यामुळे युरोपीय कवटी जास्त असमान असणार आणि बाकीच्या वंशांची कमी. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं होतं. विद्यार्थिनीनं कॅलिपर घेऊन आकडे जमवायचे आणि तक्ते भरायचे.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय होत्या, तशा जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्याही. प्रत्येक कवटीची डावी बाजू, उजवी बाजू, पुढचा भाग, मागचा भाग. आपल्यापैकी ज्यांनी व्हर्निअर कॅलिपर धरला आहे त्यांना ठाऊक आहे, की दहा मापांनंतर डोळे ताणतात आणि मन अपेक्षित आकड्याकडे झुकायला लागतं.

आता आपली प्रयोगशाळा आठवा. ओहमचा नियम. अ‍ॅमीटरचा काटा मध्येच अडकायचा, टिचकी मारली की सुटायचा. तरी जर्नलमधल्या आपल्या सगळ्यांच्या आलेखावर सरळसोट रेषा आणि रेषेवर अचूक बसलेले ठिपके, कारण आपण रेषा आधी काढायचो आणि ठिपके नंतर मांडायचो. सरांनी एके दिवशी सगळी जर्नल्स टेबलावर उलगडून ठेवली आणि शांतपणे विचारलं होतं, की काटा अडकणाऱ्या मीटरवर पन्नास जणांची रेषा सरळ येते कशी? आपण माना खाली घातल्या. फक्त एका मुलीचा एक ठिपका रेषेपासून लांब पडला होता. सरांनी त्याच ठिपक्याभोवती लाल गोल काढून खाली सही केली. ती मुलगी मी नव्हते, हे सांगायला आजही बरं वाटत नाही.

दालेममध्ये इरावतीबाईंचे ठिपके रेषेवर पडले नाहीत. असमानता सगळ्याच कवट्यांत होती, पण तिचा वंशाशी काही संबंध दिसेना. गोऱ्या कवट्या वेगळ्या काढता येतील असं आकड्यांत काहीच नव्हतं. दोनचार अवघड मापं गाळून, शब्द थोडे मऊ करून त्या सुटू शकल्या असत्या. कोणाला कळलंही नसतं. सही फिशर यांची हवी होती, पदवी त्यांच्या हातात होती आणि पदवीवर घरचं सगळं अवलंबून होतं. तरी त्यांनी जे मोजलं तेच लिहिलं.

प्राध्यापकांनी पदवी दिली, पण श्रेणी दिली उत्तीर्णांमधली सगळ्यात खालची. दोन वर्षांची मेहनत, परक्या भाषेतला प्रबंध, आणि प्रगतिपुस्तकावर काठावर पास! १९३१ मध्ये तो प्रबंध छापून आला. तोवर बाई घरी परतल्या होत्या.

हे वाचलं त्या रात्री मला हॉटेलात झोप लागली नाही. कारण वेगळं होतं. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडे एका प्रणालीच्या चाचणीचं काम होतं. चाळीस फेऱ्या घेतल्या, तीन अयशस्वी. अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. वरिष्ठांनी सुचवलं, की या तीन फेऱ्या सर्व्हरच्या वातावरणामुळे बिघडल्या असतील, त्या वगळ. मला तसं वाटत नव्हतं. मी वगळल्या. अहवालात सदतीसपैकी सदतीस असं सुंदर चित्र दिसलं. प्रणाली सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात लोकांनी भरलेले अर्ज मध्येच गायब व्हायला लागले. कारण शोधलं तेव्हा तेच निघालं, त्या तीन फेऱ्यांतलं. रांगेत उभं राहून दुसऱ्यांदा अर्ज भरणाऱ्या माणसांची नावं मला माहीत नाहीत. मला कोणी रागावलंही नाही. उलट रात्रभर बसून दुरुस्ती केली म्हणून कौतुक झालं. माझ्यावर कर्ज नव्हतं, सासऱ्यांची नाराजी नव्हती, परकी भाषा नव्हती. फक्त दुसऱ्या दिवशीची मीटिंग होती.

दालेमला मी रविवारी गेले. भुयारी रेल्वेच्या थीलप्लात्स स्टेशनापासून चालत पाच-दहा मिनिटं. झाडीतला शांत रस्ता, घरांपुढे सायकली. त्या संस्थेच्या इमारतीत आता फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्राचा विभाग आहे. दाराशी १९८८ मध्ये बसवलेला फलक आहे आणि त्यावर इथे काय घडलं ते लिहिलं आहे.

जे घडलं ते इरावतीबाई परतल्यानंतरचं. त्या परतल्या त्याच १९३० च्या सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली आणि हिटलरच्या पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. ज्या संस्थेत बाईंनी मापं घेतली तिथेच नाझी डॉक्टरांना वंशशास्त्राचे धडे दिले गेले. कोणाची सक्तीनं नसबंदी करायची, यावर तिथले शास्त्रज्ञ मत देऊ लागले. १९४२ पासून फिशर यांच्या जागी फेर्शुअर आले. त्यांचा जुना सहायक म्हणजे योझेफ मेंगेले. ऑशविट्झच्या छळछावणीत मारलेल्या माणसांचे अवयव त्यानं अभ्यासासाठी याच पत्त्यावर पाठवले.

रेषा आधी काढून ठिपके नंतर मांडले की शेवटी हे होतं, असं मला त्या दारात वाटलं. आपल्या जर्नलमुळे कोणी मेलं नाही हे खरं. पण सवय तीच.

इथे थांबले तर लेख आरतीसारखा होईल, म्हणून दुसरी बाजूही सांगते. भारतात आल्यावर इरावतीबाईंनी कॅलिपर फेकून दिला नाही. काही वर्षं मुंबईत महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून कारभार पाहिला. मग १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवलं. गावोगाव, आदिवासी पाड्यांवर, मिळेल त्या वाहनानं जाऊन त्यांनी वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांची उंची, डोकं, नाक मोजलं. अशा मोजमापांवर आजचे अभ्यासक प्रश्न उभे करतात, आणि ते प्रश्न रास्त आहेत. बर्लिनच्या टेबलावरच्या त्या कवट्या तरी कोणाच्या होत्या? कोणाच्या आजोबांच्या, कोणाच्या मुलीच्या. वसाहतीतून त्या आणताना कोणाला विचारलं होतं? बाई त्यांच्या काळाच्या शास्त्रात वाढल्या होत्या आणि त्यातलं सगळं काही त्यांनी टाकलं नाही.

पण एक गोष्ट त्यांनी कधीच सोडली नाही. समोर दिसेल ते, आपल्या माणसांच्या विरोधात गेलं तरी, लिहायचं. घुर्ये त्यांचे गुरू. मूळ एक जात फुटून पोटजाती झाल्या असं ते मानत. बाईंनी मापं आणि चालीरीती पाहून उलट मांडलं. देशस्थ आणि चित्पावन यांच्यासारखे गट मुळातच वेगवेगळे असून नंतर एका नावाखाली आले, असं त्या म्हणाल्या. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५३ मध्ये आला. त्यासाठी त्या देशभर हिंडल्या. 'युगान्त'मध्ये त्यांनी महाभारतातल्या माणसांनाही देवत्व बाजूला ठेवून तपासलं. भीष्माचा त्याग म्हणून जे आपण ऐकत आलो, त्यात कोणाकोणाचे बळी गेले याचा हिशेब मांडला. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पंढरीच्या वारीत चालल्या, तेव्हा वारीचं प्रेम लिहिलं आणि वारीत वेगळं बसणाऱ्या, वेगळं जेवणाऱ्या जातींबद्दलही लिहिलं. आयुष्याच्या शेवटी कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी केली. धरणाचा अभिमान सगळ्यांना होता, पण उठलेल्यांचं पुढे काय झालं, हे त्या मोजायला गेल्या.

घरातही तेच. नवऱ्याला नावानं हाक मारायची, पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांमध्ये त्या होत्या, आणि तीन मुलांची आई म्हणून जी ओळख मिळाली तिचा आनंद 'परिपूर्ती'त लपवला नाही. ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या, पासष्टीही गाठली नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगून संपवते. २०१४ मध्ये दालेमच्या त्या इमारतीजवळ, ग्रंथालयाच्या बांधकामासाठी खोदताना माणसांची हाडं सापडली. पुढच्या उत्खननात मिळून सुमारे सोळा हजार तुकडे. काही त्या संस्थेच्या संग्रहातले, वसाहतींतून आलेले असावेत, काही नाझी काळातल्या बळींचे असू शकतात. कोणाचं हाड कोणत्या गटातलं हे शोधण्यासाठी आणखी चाचण्या करायच्या का, यावर संबंधित समाजांच्या प्रतिनिधींशी बोलणं झालं. शेवटी ठरलं, की करायच्या नाहीत. ज्यांना एकदा वंशांच्या खणांत घातलं, त्यांना पुन्हा घालायचं नाही. मार्च २०२३ मध्ये ती सगळी हाडं दालेमच्या दफनभूमीत एकत्र पुरली. ही बातमी मी इथे, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजताना वाचली. त्यांत इरावतीबाईंच्या हातातल्या कवट्यांपैकी काही होतं का, कोण जाणे. पण ९३ वर्षांपूर्वी एका मराठी विद्यार्थिनीनं त्याच आवारात हेच लिहून ठेवलं होतं, की यांना वेगळं काढता येत नाही.

संमेलनाला सर येणार आहेत असं कळलं. त्यांच्यासाठी मी एक वस्तू आणते आहे. आईनं माळ्यावरून माझं दहावीचं जर्नल शोधून दिलं आहे. ओहमच्या नियमाच्या पानावर रेषा अजून तशीच सरळ आहे. त्या पानावर सरांची सही नाही, आणि आता ती मागण्याचा माझा विचारही नाही. फक्त एवढंच सांगायचं आहे, की सर, त्या दिवशीचा प्रश्न उशिरा का होईना, कळला. गेली बरीच वर्षं माझ्या अहवालात अयशस्वी फेऱ्या पहिल्या पानावर असतात.

आणि जिच्या ठिपक्याभोवती लाल गोल होता ती मुलगीही येणार असेल, तर तिनं तिचं जर्नल आणावं. आपल्या बॅचचा तो एकमेव खरा आलेख आहे. तो सगळ्यांनी बघायला हवा.